उंबरमाळचा तिसरा खांब

उंबरमाळचा पूल आठवड्याने बंद होईल, असा निर्णय सोमवारी सकाळी आला. त्या वेळी आर्वी मगदूम त्याच पुलाच्या तिसऱ्या खांबाशी गुडघाभर गाळात उभी होती आणि एक लांब लोखंडी सळई नदीच्या तळात खुपसत होती.

"लागलं काही?" काठावरून आवळे मॅडमनी विचारलं.

"दगड लागला. टण्णकन वाजलं."

"चारही बाजूंनी बघ. एका बाजूच्या दगडावर पूल उभा राहत नाही."

बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे अजून बाकी होते, म्हणून नदीला पाणी कमी होतं. आर्वी खांबाला वळसा घालून पलीकडे गेली.

ती बारावीत होती. दिवाळीनंतर प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या व्यावसायिकाबरोबर दोन आठवडे काम करायचं, असा नियम होऊन काही वर्षं झाली होती. त्याला ‘ओळख-पंधरवडा’ म्हणत. आर्वीला ड्रोनवरून पिकं तपासणाऱ्या कंपनीत जायचं होतं, पण तिथल्या जागा पहिल्या तासात भरल्या. स्थापत्य अभियंत्यांकडच्या जागा तेवढ्या रिकाम्या होत्या. मैत्रिणी तिला ‘सिमेंटवाली’ म्हणू लागल्या होत्या.

जागा रिकाम्या राहायला कारण होतं. पुलांचे आणि इमारतींचे आराखडे आता संगणक काढत. त्यांच्या तब्येतीवर लक्षही संगणकच ठेवत. अभियंत्याकडे उरली होती ती सही. संगणकाचा निर्णय पटला नाही तर अभियंता सही करून तो फिरवू शकत असे. पण त्यानंतर काही विपरीत घडलं तर जाब सही करणाऱ्याला द्यावा लागे. असली नोकरी कोण मागणार? जिल्हा पूल कक्षात आता रोहिणी आवळे आणि त्यांची जीप, एवढंच मनुष्यबळ होतं.

उंबरमाळचा पूल ‘जाणत्या काँक्रीट’चा होता. साध्या काँक्रीटमधून वीज जवळजवळ वाहत नाही. त्यात केसाहून बारीक कार्बनचे तंतू मिसळले की ते एकमेकांना टेकून विजेला वाट करून देतात. काँक्रीट ताणलं गेलं की हे तंतू किंचित लांब जातात आणि विजेला अडथळा वाढतो. दाबलं गेलं की तो कमी होतो. हा अडथळा ठिकठिकाणी सतत मोजत राहिलं, तर पुलाचा कोणता भाग किती ताणलाय आणि किती दाबलाय, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळतं. शरीराला मज्जातंतू असावेत तसंच हे. या आकड्यांवरून निदान करणाऱ्या संगणकाला सगळे ‘परीक्षक’ म्हणत.

परीक्षकाने शनिवारी इशारा दिला होता आणि सोमवारी निर्णय: तिसरा खांब गावाच्या बाजूला कलतो आहे, पायाखालचा थर वाहून जात असावा, पूल बंद करावा. सही करून कुणी हा निर्णय फिरवला नाही, तर पुढच्या सोमवारी दोन्ही टोकांची फाटकं आपोआप खाली येणार होती. नवा पाया घालून पूल उघडायला दोन वर्षं तरी लागली असती. गाव दक्षिण काठावर. साखर कारखाना, दवाखाना आणि कॉलेज उत्तरेला. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, आणि आर्वीच्या घराची चूल तिच्या वडिलांच्या ऊसवाहतुकीवर पेटत होती.

"चारही बाजूंना दगड आहे, मॅडम. आराखड्यात दाखवलाय तेवढ्याच खोलीवर."

"म्हणजे पाया जागेवर आहे," मॅडम म्हणाल्या. "मग खांब का कलतोय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"अजिबात नाही."

आर्वीने वर पाहिलं. ‘माहीत नाही’ हे वाक्य इतक्या खुशीत म्हणणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं.

*

जीपच्या बॉनेटवर संगणकाचा पडदा ठेवून मॅडमनी खांबाचं चित्र उघडलं. कारखान्याकडची बाजू तांबडी, म्हणजे ताणलेली. गावाकडची निळी, म्हणजे दाबलेली.

"खांबाला वरून कुणीतरी गावाकडे ढकलतंय, असं हे चित्र सांगतं. पाया खचला तरी साधारण असंच दिसतं. परीक्षकाने दोन्हींपैकी जे नेहमी घडतं ते निवडलं."

"वरून कोण ढकलणार?"

"गाड्या. गाडी ब्रेक लावते तेव्हा पुलाला पुढे ढकलते. त्याचा हिशेब आराखड्यात असतो."

आर्वीने थोडा वेळ चित्र पाहिलं. "पण भरलेल्या गाड्या कारखान्याकडे जातात. ब्रेकने ढकललं तर पूल कारखान्याकडे सरकेल. हा तर उलटा, गावाकडे आलाय."

"गावाकडे येणाऱ्या गाड्यांनी ब्रेक लावला असेल."

"त्या रिकाम्या असतात."

मॅडम पडद्यापासून बाजूला झाल्या. "बरोबर. आता सांग, तू चालतेस तेव्हा तुझा पाय जमिनीला कुठे ढकलतो?"

"खाली."

"आणखी?"

आर्वीने दोन पावलं टाकून पाहिली. "मागे."

"गाडी थांबताना रस्त्याला पुढे ढकलते आणि निघताना मागे. चाक मागे ढकलतं म्हणून गाडी पुढे जाते. पण चालत्या पुलावर मधेच थांबून, भरल्या ओझ्यानिशी निघणार कोण? आणि तेही नेमकं तिसऱ्या खांबावर?"

तिसऱ्या खांबावर पुलाला एक सज्जा होता. पायी जाणाऱ्यांना गाड्यांपासून बाजूला उभं राहता यावं म्हणून तिथे पूल जरा रुंद केला होता. कोण थांबतं ते आर्वीला माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"परीक्षकाला हे धक्के दिसत कसे नाहीत?" तिने त्याऐवजी विचारलं.

"पापणी लवायच्या आत येऊन जाणारा धक्का तो मोजतच नाही. विजा चमकल्या तरी आकडे उडतात, म्हणून असलं सगळं गाळून टाकतो. कच्ची नोंद मात्र साठवलेली असते."

"मग उघडू या की ती."

"उघडता येते, पण एकदा उघडली की सरकारदरबारी खुली होते. आणि पूल गाडी ओळखतो. चाकांमधलं अंतर, वजन, टायरच्या खाचा, या सगळ्यावरून. इजेत सगळ्यात मोठा वाटा ज्या गाडीचा, तिच्या चालकाचा परवाना वर्षभरासाठी जातो. तिथे माझ्या सहीला किंमत नाही." मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला काही सांगायचंय?"

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"सोमवारच्या आत कधीही चालेल."

*

मगदूमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होत असे. हंगामातही आर्वीचे वडील सन्मती मगदूम दोन खेपांच्या मधे घरी येऊन जेवून जात. आर्वी ताटावर बसली, पण तिने घास घेतला नाही.

"पप्पा, तुम्ही पुलावर सज्ज्यापाशी जोड लावता ना?"

"लावतो की. त्यात नवीन काय?"

उत्तर काठावरचा चढ उभा होता. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एकटा ट्रॅक्टर तो चढत नसे. म्हणून वर पोचलेला गडी आपल्या ट्रॉल्या कडेला सोडून मोकळा ट्रॅक्टर खाली आणी, सज्ज्याच्या रुंदीत एका चाकाचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळे आणि मागून आलेल्या ट्रॅक्टरपुढे साखळीने स्वतःला जुंपून घेई. मग दोघं मिळून चढत. हीच ‘जोड’. पूल झाला त्या पहिल्याच हंगामात सुभान मुल्लाच्या ट्रॉल्या चढावरून मागे घसरल्या आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. सन्मतींनी जोड सुरू केली ती त्यानंतर. पुढे त्या चढावर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

आर्वीने खांबाचं सगळं सांगितलं. परवान्याचंही सांगितलं.

"म्हंजे माणसाला हात दिला ह्यो गुन्हा झाला व्हय?"

"मी गुन्हा म्हटलं नाही."

"तुझा पूल म्हणतोय न्हवं!"

"आधी जेवून घ्या," आर्वीची आई म्हणाली. "पूल काय पळून जात न्हाई."

"त्योच तर चाललाय म्हणतीया तुझी लेक."

सन्मती भाकरी मोडता मोडता थांबले. "पर मला एक सांग. माझा ट्रॅक्टर ओढतोय म्होरं. पूल मागं कसा जाईल?"

आर्वी उठली. गुळगुळीत फरशीवर तिने चटई टाकली, तिच्यावर उभी राहिली आणि एकदम पुढे झेप घेतली. चटई मागे घसरत भिंतीला लागली.

सन्मतींनी हात धुतले आणि चटई पुन्हा सरळ केली. ते आधी तिच्यावरून सावकाश चालत गेले. चटई हलली नाही. मग जागेवर थांबून त्यांनी जोरात पाय रेटला. चटई सटकली आणि त्यांनी चौकट धरली म्हणून ते पडले नाहीत. आईला हसू आवरेना.

"हां," ते म्हणाले. "सावकाश न्हेलं तर काय न्हाई. झटका दिला की सरकतंय." मग जरा विचार करून म्हणाले, "डिझेलचा होता तवा क्लच हळूहळू सोडायला लागायचा. ह्या बॅटरीच्या ट्रॅक्टरला पेडल दाबलं की सगळी ताकद एकदम चाकात उतरती. साखळी अशी काडकन ताणती बघ."

"हे मला माहीत नव्हतं."

"मग काय, सगळं तुमच्या परीक्षकालाच कळतंय व्हय?" ते पुन्हा ताटावर बसले. आवाज खाली आला. "मॅडमला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगायचं का न्हाई, हे इचारायला आलीस?"

"नाही. सांगणारच आहे. आधी तुम्हाला सांगायला आले."

आईचं हसणं थांबलं. सन्मती पाणी प्यायले, त्यांनी टोपी घातली आणि ते पुढच्या खेपेला निघून गेले.

*

मंगळवारी सकाळी आर्वीने मॅडमना जोडीबद्दल सांगितलं. "आणि सगळ्यात जास्त वेळा पुढे जुंपला जातो तो माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर," ती म्हणाली.

मॅडमनी सांत्वनही केलं नाही आणि कौतुकही.

"अंदाज चांगला आहे. पण अंदाजावर मी सही करणार नाही. गाड्या तिथून सुटतात आणि खांब तिथेच कललाय. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी एकीमुळे दुसरी झाली, हे अजून ठरलेलं नाही. धक्का देऊन बघावं लागेल. आणि त्यासाठी कुणाला ट्रॅक्टर आणायला सांगण्याचा मला हक्क नाही. जो चालवेल तो स्वतःचं नाव स्वतः सांगेल."

त्या दोघी शिडीने तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर चढल्या. पुलाचा वरचा भाग खांबावर थेट टेकत नाही. मधे रबराची जाड उशी असते. ती उशी गावाच्या बाजूला तिरकी झाली होती आणि तिच्या खालच्या काँक्रीटच्या ओट्याला भेग पडली होती. मॅडमनी पिशवीतून पातळ काचेच्या पट्ट्या काढल्या आणि त्यातली एक भेगेच्या दोन्ही कडांवर आडवी चिकटवली.

"भेग जुनी आणि शांत असेल तर काच टिकेल. हलत असेल तर फुटेल. काच लवचीक नसते, म्हणून खोटं बोलत नाही."

"परीक्षकापेक्षा हिच्यावर जास्त विश्वास?"

"दोघांनाही विचारायचं. उत्तरं वेगळी आली तर काम वाढतं."

डिंक सुकायला वेळ लागला. तेवढ्यात पुलाच्या गावाकडच्या टोकाला दोन ट्रॅक्टरांचा आवाज आला आणि कठड्यावरून सुभान मुल्लाचं तोंड खाली डोकावलं.

"ओ सिमेंटवाली! तुझा बा आलाय. भरल्या ट्रॉल्या घेऊन आलाय. कुटं उभं करू, बोला!"

आर्वी वर आली. सन्मती ट्रॅक्टरवर बसूनच होते.

"नमस्कार, मॅडम. पोरीनं सांगितलं. आता बघायचं तर नीट बघू. एका बघण्यानं काय खरं कळायचं न्हाई."

"म्हणजे?"

"आधी मी आनि सुभान गावाकडंच जोड लावतो आनि न थांबता पूल पार करतो. मग दुसऱ्या खेपेला सज्ज्यात थांबून निघतो. दोन्हीत वजन तेवढंच, ट्रॅक्टर त्येच. फरक पडला तर थांबण्याचाच पडला."

मॅडमनी आर्वीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हेच मी सांगणार होते. पण कच्ची नोंद उघडावी लागेल, मगदूम. तुम्हाला माहीत आहे ना?"

"ठावं हाय. उघडा."

"अण्णा, अजून इचार करा," सुभान म्हणाला. "वर्षभर घरात बसलासा तर वहिनी भांडी घासायला लावतील."

"तू साखळी बघ."

पहिल्या खेपेला आर्वी खांबाच्या माथ्यावर, काचेपासून हातभर अंतरावर बसली. डोक्यावरून ओझं गडगडत गेलं. धूळ पडली. उशी जराशी दबली आणि पुन्हा फुगली. काच शाबूत होती.

"नाही फुटली!" ती ओरडली. त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. आपलं चुकलं असेल, तर पप्पांचा काही संबंध नाही. मग तिला आठवलं की आपलं चुकलं असेल, तर पूल बंद होणार.

दुसऱ्या खेपेला गडगडाट डोक्यावर येऊन थांबला. साखळी ओढल्याचा, कडी अडकवल्याचा आवाज आला. सुभानने हाळी दिली. वर काहीतरी काडकन ताणलं गेलं आणि आर्वीच्या डोळ्यांदेखत ती जाड रबरी उशी गावाकडे वाकली. काच कट् करून फुटली. एक तुकडा तिच्या चपलेपाशी पडला.

तिने तुकडा उचलला, भेगेवर पुन्हा धरून पाहिला. दोन कडा आता जुळत नव्हत्या.

*

कच्च्या नोंदीनेही तेच सांगितलं. हंगामामागून हंगाम, त्याच जागी, त्याच दिशेने हजारो झटके बसले होते. बॅटरीचे ट्रॅक्टर आल्यापासून झटक्यांचा जोर दुपटीने वाढला होता. एकेका झटक्याने काही बिघडलं नसतं. पण प्रत्येकाने पुलाला केसभर गावाकडे सरकवलं, उशीखालचा ओटा भेगाळला, त्याचे खडे उशीत अडकले आणि पूल परत जागेवर येईना. तोच खांबाला ढकलत होता. पाया धडधाकट होता.

शुक्रवारी मॅडमनी सही केली. पूल चालू राहील. पुलावर थांबायला बंदी. जॅकने पूल उचलून तिसऱ्या खांबावरच्या उशा बदलाव्यात. सही करायच्या आधी त्यांनी सगळी गणितं आर्वीकडून पुन्हा करून घेतली आणि एका ठिकाणी तिची चूक काढली.

त्याच दुपारी सन्मतींच्या फोनवर संदेश आला. त्यांनी तो एकदा वाचला आणि फोन खिशात टाकला. ट्रॅक्टरची किल्ली त्यांनी सुभानच्या भावाच्या हातात दिली.

जोड आता गावाकडच्या काठावर लावायची होती. मोकळ्या ट्रॅक्टरला वळायला तिथे जागा नव्हती. पूल बांधताना जिथे तुळया ओतल्या होत्या तो सरकारी तुकडा वेड्या बाभळींनी भरला होता. तो साफ करायचं ठरलं. शनिवारी जेसीबी आला. सुभान लंगडत त्याच्यापुढे उभा राहून त्याला दिशा दाखवत होता आणि शिव्याही देत होता. सन्मती कठड्यावर बसून बघत होते. हंगामात असं बसून राहायची त्यांना सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

आर्वीची नजर मात्र पलीकडच्या काठावर होती.

"मॅडम, तो चढ मुळात एवढा उभा का आहे?"

"नियमात बसतो."

"पण का?"

"आराखडा काढणाऱ्या संगणकाला कमीत कमी भरावात रस्ता हवा होता. नियमात ट्रक धरलेला आहे, आणि ट्रकला हा चढ जमतो. दोन ट्रॉल्यांचा ऊस कुणी धरला नव्हता."

"त्याला कुणी सांगितलं नाही?"

"त्याने विचारलं असतं तर गावातल्या कुणीही सांगितलं असतं. त्याला विचारायचं सुचत नाही."

कठड्यावरून आवाज आला. "म्हंजे परवाना माझा गेला आनि चढ तसाच ऱ्हाणार?"

आर्वी जीपकडे गेली. मागच्या बाजूला तिपाई, दुर्बीण आणि आकड्यांचे पट्टे रंगवलेली लांब मोजपट्टी होती. उंचीतला फरक मोजण्याची ही जुनी साधनं मॅडम अजून बरोबर बाळगत.

"चढ किती कमी करता येईल, ते मोजून बघता येईल ना? वळण जरा लांबून घेतलं तर?"

"येईल. पण मंजूर होईलच असं नाही. दोन वर्षं लागतील, कदाचित पाच. आणि तुझा पंधरवडा पुढच्या शनिवारी संपतो."

"पट्टी धरायला एक माणूस लागेल," आर्वी म्हणाली आणि वडिलांकडे वळली.

सन्मती उठले. मोजपट्टी खांद्यावर टाकून ते पूल ओलांडून चढाच्या पायथ्याशी गेले. आर्वीने तिपाई रोवली, मॅडमनी दाखवल्याप्रमाणे बुडबुडा मधोमध आणला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"पप्पा, सरळ धरा!"

"सरळच हाय की!"

"नाही. तुमच्या डाव्या हाताला कललीय."

त्यांनी मान मागे टाकून पट्टीच्या टोकाकडे पाहिलं, पाय फाकवून नीट उभे राहिले आणि पट्टी उजवीकडे ढकलली.

"आता?"

"थोडी अजून. हां, बास. हलवू नका."